जाहिरातीतलं ‘नंबर्स मॅचिंग’ आणि गाडीवरचे आकडे: जुन्या मसल कारचे मूळ भाग ओळखण्याची रीत

जुनी अमेरिकन मसल कार (साठ-सत्तरच्या दशकातली जोरदार इंजिनाची गाडी) विकायला निघाली की जाहिरातीत पहिला शब्द येतो ‘नंबर्स मॅचिंग’. एका विक्रेत्याच्या लेखी त्याचा अर्थ ‘इंजिनावर याच गाडीचा नंबर ठोकलेला आहे’ असा असतो. दुसऱ्याच्या लेखी ‘इंजिन त्याच वर्षाचं आहे’ एवढाच. तिसऱ्याला कुणीतरी तसं सांगून गाडी विकलेली असते आणि तो तेच पुढे सांगत असतो. म्हणून या शब्दावर वाद घालत बसू नका. बोनेट उघडा आणि गाडी काय सांगते ते वाचा.

हा लेख १९६९च्या शेवरले कॅमारोवर बेतलेला आहे, कारण नकलीचा सुळसुळाट याच गाडीत जास्त आहे आणि शिकायला हीच सोयीची. त्या वर्षीच्या २,४३,०८५ कॅमारोंपैकी झेड/२८ (कॅमारोची खास जोरदार आवृत्ती) होत्या २०,३०२. झेड/२८चे बिल्ले, पट्टे, स्पॉयलर आजही दुकानात नवे मिळतात, आणि गाडीच्या मुख्य नंबरात ती झेड/२८ आहे की साधी व्ही-८ (आठ सिलिंडरची), हे लिहिलेलंच नसतं. फोर्ड, क्रायसलर आणि पॉन्टिअॅकबद्दल शेवटाकडे थोडं आहे.

आधी शब्द नीट समजून घ्या

ओतीव नंबर म्हणजे साच्यातच असलेला, बिडाबरोबर ओतला गेलेला, हाताला उंचवटा लागणारा नंबर. तो फक्त साचा कोणता ते सांगतो. ठोकलेला नंबर म्हणजे भाग तयार झाल्यावर पंच मारून खोलगट उमटवलेला. तो भाग कुठे, कधी, कशासाठी जोडला आणि पुष्कळदा कोणत्या गाडीत बसवला, ते सांगतो. नवशिक्यांचा सगळ्यात मोठा घोळ इथेच होतो: ओतीव नंबर पुस्तकाशी जुळला की ते खूश होतात. तोच साचा कारखान्याने दहा-दहा वर्षं वापरलेला असू शकतो.

तिसरी गोष्ट पार्ट नंबर. तो कॅटलॉगमधला, डब्यावरचा. ओतीव नंबर आणि पार्ट नंबर सहसा एक नसतात, त्यामुळे ‘नंबर जुळत नाही’ म्हणून चांगला भाग भंगारात टाकू नका.

आता भागांच्या जाती. ‘मूळ’ म्हणजे गाडी असेंब्ली लाइनवरून उतरताना तिच्यावर होता तोच. ‘एनओएस’ (न्यू ओल्ड स्टॉक) म्हणजे त्याच कंपनीने त्या काळी सुट्टा भाग म्हणून बनवलेला आणि न वापरता डब्यात राहिलेला. तो अस्सल आहे, पण तुमच्या गाडीचा मूळ नव्हे. ‘सर्व्हिस रिप्लेसमेंट’ कंपनीनेच नंतर बनवलेला, आणि त्यात बारीक फरक असतात. ‘रिप्रॉडक्शन’ आजचा. यातल्या काहींवर जनरल मोटर्सच्या परवान्याने तिचंच चिन्हही असतं, म्हणजे चिन्ह दिसलं की भाग जुना, हा हिशेब चुकतो.

सोबत काय न्यायचं

- चांगला टॉर्च, दांडीवरचा छोटा आरसा, आणि अरुंद जागेत जाणारा बोरस्कोप कॅमेरा (फोनला जोडायचा स्वस्तातला चालतो)
- पितळी तारांचा ब्रश. लोखंडी नको.
- रॉकेल किंवा मिनरल स्पिरिट, चिंध्या, सौम्य पेंट रिमूव्हर
- पांढरा खडू, मऊ पेन्सिल, पातळ कागद
- पातळ मऊ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक. जमलं तर रंगाची जाडी मोजायचं यंत्र.
- जॅक आणि चार पक्के स्टँड. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली नंबर वाचायला जायचं नाही.
- वही. फोटो हजार काढाल, पण कोणता फोटो कशाचा हे रात्री आठवत नाही.

ब्रेक आणि क्लचच्या जवळची धूळ हवेच्या झोताने उडवू नका. त्या काळच्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसा.

मागायची कागदपत्रं

- टायटल (मालकीचा दाखला), आणि आधीच्या मालकांची जुनी रजिस्ट्रेशन
- प्रोटेक्ट-ओ-प्लेट: वॉरंटीच्या पुस्तिकेत बसवलेली छोटी अॅल्युमिनियमची पट्टी. तिच्यावर गाडीचा नंबर आणि इंजिन, गिअरबॉक्स, अॅक्सल यांचे कोड उलट्या अक्षरांत उमटलेले असतात.
- बिल्ड शीट: गाडीत काय काय जोडायचं ते सांगणारा कारखान्यातला कागद. ती बहुतेक वेळा पेट्रोलच्या टाकीच्या वर किंवा सीटच्या स्प्रिंगांमध्ये अडकलेली सापडते. मागची सीट उचलून बघायला पाच मिनिटं लागतात आणि तेवढ्यात कधी कधी सगळा वाद मिटतो.
- काचेवरचा किमतीचा स्टिकर, डीलरचं बिल, जुने फोटो

यातला प्रत्येक कागद आज नवा छापून, चहाच्या पाण्यात बुडवून, दुमडून ‘जुना’ करून मिळतो. प्रोटेक्ट-ओ-प्लेटसुद्धा. म्हणून आधी गाडी वाचा आणि मग कागद बघा. कागद आधी पाहिला की डोळे गाडीवर तेच शोधायला लागतात.

१. डॅशबोर्डवरची नंबर प्लेट

१९६८पासून गाडीचा नंबर चालकाच्या बाजूला (अमेरिकन गाडीत ती डावी) डॅशवर, समोरच्या काचेतून दिसेल असा असतो. १९६७च्या कॅमारोत तो चालकाच्या दाराच्या बिजागरीच्या खांबावर आहे. सतरा आकडी नंबर १९८१ साली आला. त्याआधी शेवरलेचा नंबर तेरा खुणांचा.

नमुन्यादाखल १२४३७९-एन-६२३४५६ असा नंबर घेऊ. पहिला १ म्हणजे शेवरले. २४ म्हणजे व्ही-८ कॅमारो. इथे २३ असेल तर गाडी कारखान्यातून सहा सिलिंडरची निघाली होती आणि आत्ता तिच्यात कोणतंही इंजिन गुरगुरत असो, ती झेड/२८ किंवा एसएस (सुपर स्पोर्ट, कॅमारोची दुसरी जोरदार आवृत्ती) नाही. ३७ म्हणजे कूपे, ६७ म्हणजे कन्व्हर्टिबल. ९ हे मॉडेल वर्ष. एन म्हणजे ओहायोतला नॉरवूड कारखाना, एल म्हणजे कॅलिफोर्नियातला व्हॅन नाइज. उरलेले सहा आकडे क्रमांकाचे, आणि १९६९चा क्रम ५००००१पासून सुरू होतो.

झालं, एवढंच. इंजिनचं अक्षर या नंबरात १९७२पासून आलं.

प्लेट कशाने बसवली आहे तेही बघा. दोन रिवेट, आणि त्यांची टोकं फुलाच्या पाकळ्यांसारखी. साधे गोल पॉप रिवेट असतील, आजूबाजूचा रंग उकरलेला असेल, प्लेट वाकून सरळ केलेली वाटत असेल, तर तिथेच थांबा. अमेरिकेत हा नंबर खोडणं किंवा बदलणं हा फेडरल कायद्याखाली गुन्हा आहे, आणि तुमच्या हातात आलेली गाडी चोरीची निघाली तर ती जप्त होते. पैसे गेले ते गेलेच.

२. फायरवॉलवरची पाटी

बोनेट उघडल्यावर चालकाच्या बाजूला फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीच्या) वरच्या भागात ‘बॉडी बाय फिशर’ लिहिलेली छोटी पाटी असते. तिच्यावर मॉडेल, बॉडी क्रमांक, आतल्या सजावटीचा कोड, रंग आणि आठवडा असतो. ०४सी म्हणजे एप्रिलचा तिसरा आठवडा. ७११ म्हणजे काळं साधं इंटिरिअर. ७२ ७२ म्हणजे खाली-वर दोन्हीकडे हगर ऑरेंज हा नारिंगी रंग. दुसऱ्या जागी बी असेल तर छतावर काळं व्हिनाइल होतं.

नॉरवूडच्या गाड्यांवर साधारण डिसेंबर १९६८पासून एक्सने सुरू होणारा कोडही येतो. एक्स३३ आणि एक्स७७ हे झेड/२८चे. एक्स११वर मात्र फार लोक फसतात. ‘एक्स११ आहे म्हणजे एसएस’ असं ठामपणे सांगणारे विक्रेते भेटतील, पण तो कोड बाहेरच्या चकचकीत पट्ट्यांच्या पॅकेजचा आहे आणि साध्या गाडीवरही येतो. व्हॅन नाइजच्या गाड्यांवर एक्स कोड नसतोच. तिथे तो नसणं हा दोष नाही, आणि असणं हा मात्र नक्की दोष.

ही पाटीसुद्धा नवी करून मिळते. पाटीवरचा रंग फायरवॉलच्या रंगाबरोबरच बसलेला आहे का, रिवेटच्या खाचेत जुना मळ आहे का, ते पाहा. सजावटीचा कोड काळा आणि कार्पेटच्या कडेखालचा मूळ पत्रा निळा, असं दिसलं तर पाटी दुसऱ्या गाडीची असू शकते.

३. लपवलेले नंबर

१९६८ आणि १९६९च्या कॅमारोत गाडीच्या नंबराचा काही भाग शरीरावर आणखी दोन जागी ठोकलेला असतो: एक, समोरच्या काचेखालच्या जाळीच्या पत्र्याखाली, प्रवाशाच्या बाजूला. दुसरा, फायरवॉलवर हीटरच्या खोक्यामागे. पहिल्यासाठी जाळीचा पत्रा काढावा लागतो, पण त्याच्या फटीतून बोरस्कोप जातो. दुसऱ्यासाठी हीटर बॉक्स काढायला हवा, आणि विक्रेता सहसा त्याला तयार होत नाही. किमान पहिला तरी वाचल्याशिवाय मोठी रक्कम देऊ नका. डॅशवरची प्लेट बदलता येते, या जागा बदलायला फायरवॉल कापावी लागते.

४. इंजिन: ओतीव आकडे

छोट्या व्ही-८ ब्लॉकचा (म्हणजे सिलिंडर असलेल्या इंजिनाच्या ओतीव धडाचा) ओतीव नंबर मागच्या बाजूला, गिअरबॉक्स जिथे जोडतो त्या कडेवर, चालकाच्या बाजूला असतो. तारीख त्याच कडेवर प्रवाशाच्या बाजूला. रॉकेल लावून पितळी ब्रशने घासा, कोरडं करा आणि वरून खडू आडवा फिरवा. उंचवट्यावर पांढरं बसतं आणि आकडे फोटोत स्वच्छ येतात.

तारीख वाचायची रीत: ए जानेवारी, बी फेब्रुवारी, असं एल डिसेंबरपर्यंत. मग दिवस, मग वर्षाचा शेवटचा आकडा. सी २६ ९ म्हणजे २६ मार्च १९६९. किंवा २६ मार्च १९७९! एकच आकडा असल्यामुळे दशक कळत नाही, आणि ३९७००१० हा १९६९च्या झेड/२८च्या ३०२ (घन इंच) इंजिनाला चालणारा ओतीव नंबर पुढे सत्तरच्या दशकभर साध्या ३५० इंजिनांवरही येत राहिला. पिकअप ट्रकमधून काढलेला ब्लॉक ‘बरोबर नंबरचा’ म्हणून विकला जातो तो याच जोरावर.

सिलिंडर हेडवर टोकाला उंटाच्या दोन मदारींसारखी खूण दिसली तर ते चांगल्या इंजिनाचं हेड. पण पूर्ण नंबर बघायला व्हॉल्व्ह कव्हर काढावं लागतं. १९६९च्या झेड/२८ला ३९२७१८६ हे हेड येतं. एक सोपी खूण: १९६९पासून हेडच्या टोकाला अल्टरनेटरसारख्या गोष्टी बसवायला बोल्टची भोकं आली. १९६९च्या गाडीवर बिनभोकाची हेड असतील तर ती नंतर कुणीतरी जुन्या इंजिनाची बसवलेली आहेत.

५. इंजिन: ठोकलेले आकडे

सगळ्यात जास्त पैसा आणि सगळ्यात जास्त लबाडी या दोन-अडीच इंचांच्या सपाट पट्टीवर आहे. ती ब्लॉकच्या पुढच्या टोकाला, प्रवाशाच्या बाजूच्या हेडच्या समोर असते. १९६९मध्ये अल्टरनेटर त्याच बाजूला आल्यामुळे ती त्याच्या मागे दडते. पट्टा सैल करून अल्टरनेटर बाजूला सारा, मग आरसा लावा.

इथे सँडपेपर, ग्राइंडर, लोखंडी ब्रश काही लावायचं नाही. रंगाचा थर असेल तर रिमूव्हर लावून थांबा, चिंधीने पुसा, पुन्हा लावा. मग टॉर्च सरळ न धरता अगदी तिरपा, पट्टीच्या पातळीत धरा. आपल्याकडे आरटीओच्या कामाला चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून प्रिंट काढतात, तशीच प्रिंट इथेही काढा. फोटोत जे चकाकीमुळे हरवतं ते पेन्सिलीत उमटतं.

दोन ठसे मिळायला हवेत. पहिला इंजिन कारखान्याचा, उदाहरणार्थ व्ही०४०८डीझेड. व्ही म्हणजे फ्लिंटचा इंजिन कारखाना (मोठ्या ब्लॉकांवर टोनावांडाचा टी दिसतो), ०४०८ म्हणजे ८ एप्रिल, डीझेड म्हणजे १९६९च्या झेड/२८चं ३०२. दुसरा ठसा गाडीच्या नंबराचा: १९एन६२३४५६. शेवरले, १९६९, नॉरवूड, आणि तोच सहा आकडी क्रमांक. काही गाड्यांत हा दुसरा ठसा पट्टीवर नसून खाली ऑइल फिल्टरच्या वरच्या जागेवर असतो, म्हणून पट्टीवर नाही दिसला की निराश न होता खाली बघा.

आता ठसा खरा की नंतर मारलेला?

पहिली खूण रेघांची. कारखान्यात ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग ब्रोच यंत्राने एका फटक्यात कापला जायचा, त्यामुळे पट्टीवर पुढून मागे जाणाऱ्या बारीक समांतर रेघा राहतात. आकडे या रेघांवर ठोकलेले असतात. ब्लॉक नंतर मशीन शॉपमध्ये तासला गेला तर रेघा जातात, आणि त्यांच्या जागी कमानीसारख्या गोलाकार खुणा किंवा आरशासारखी गुळगुळीत पट्टी येते. गुळगुळीत पट्टीवर टवटवीत आकडे दिसले तर ते तासल्यानंतर मारले, दुसरा मार्ग नाही. उलट, तासणाऱ्याने पट्टी सोडून बाकीचा पृष्ठभाग तासला असेल तर रेघा शाबूत मिळतात. जाणते मशीनवाले तसंच करतात. अलीकडे खोट्या रेघा ओढणारेही आहेत. त्या आकड्यांच्या खाचांत उतरलेल्या असतात. खऱ्या रेघा आकड्याच्या कडेपाशी तुटतात.

दुसरी खूण दोन ठशांच्या स्वभावाची. इंजिनचा ठसा फ्लिंटमध्ये पडला, गाडीचा ठसा नॉरवूडमध्ये. वेगळा कारखाना, वेगळे पंच, वेगळा हात. इंजिन कारखान्याचे आकडे एकत्र धरलेल्या पंचांनी मारल्यामुळे बऱ्यापैकी एका ओळीत येतात. दोन्ही ठशांची अक्षरं, खोली आणि ताजेपणा तंतोतंत सारखा दिसला तर ते एकाच माणसाने एकाच दुपारी मारलेत. नवखा माणूस नेमकं याला ‘किती व्यवस्थित!’ म्हणतो. कारखान्यातले खरे ठसे बरेचदा तिरके, अर्धवट, एखादा आकडा दोनदा मारलेला असे असतात.

तिसरी गोष्ट, ठशात सीई दिसलं तर घाबरू नका. तो वॉरंटीत बदलून दिलेल्या ब्लॉकचा शिक्का आहे. इंजिन शेवरलेचंच आहे, पण गाडीचं मूळ नाही, आणि किंमत त्या हिशेबाने लावायची.

पट्टी पूर्ण कोरी असली तर? सुटा विकला गेलेला ब्लॉक असेल, किंवा तासून पुसला असेल. दोन्ही बाबतींत ‘मूळ’ म्हणायला आधार उरत नाही.

६. गिअरबॉक्स आणि मागचा अॅक्सल

झेड/२८ला चार गिअरचा मन्सी बॉक्स यायचा (मन्सी हा जनरल मोटर्सचा गिअरबॉक्स कारखाना). त्याच्या बाजूला पी९डी०२बी असा ठसा असतो: पी मन्सी, ९ वर्ष, डी महिना, ०२ तारीख, आणि १९६९पासून शेवटी प्रकाराचं अक्षर. ए म्हणजे एम२०, बी एम२१, सी एम२२. मेन केसचा ओतीव नंबर ३९२५६६१. गाडीच्या नंबराचा ठसा यावरही वेगळा असतो.

मन्सीच्या महिन्यांची अक्षरं इंजिनाच्या अक्षरांसारखी नाहीत, इथे हमखास गल्लत होते. ए ते ई जानेवारी ते मे, इथवर ठीक. मग एच जून, के जुलै, एम ऑगस्ट, पी सप्टेंबर, आर ऑक्टोबर, एस नोव्हेंबर, टी डिसेंबर. म्हणजे एच हे अक्षर ब्लॉकवर ऑगस्ट आणि मन्सीवर जून. चांगला बॉक्स या एका अक्षरापायी ‘तारीख जुळत नाही’ म्हणून नाकारला जातो.

मागे बारा बोल्टचा अॅक्सल हवा. झाकणाचे बोल्ट मोजा. कोड प्रवाशाच्या बाजूच्या नळीवर, पुढच्या अंगाला ठोकलेला असतो आणि तिथे नेमका पन्नास वर्षांचा चिखल-तेल असतं. खरवडायला प्लॅस्टिकची पट्टी घ्या. बीयू म्हणजे ३.७३ गुणोत्तराचं पॉझिट्रॅक्शन (मागच्या दोन्ही चाकांना जोर पोचवणारा डिफरन्शियल). अॅक्सलवर गाडीचा नंबर नसतो, म्हणून इथे फक्त कोड आणि तारीख. खालीच आहात तर स्प्रिंग बघून घ्या: साध्या गाडीला एका पात्याची, झेड/२८ आणि जोरदार एसएसला अनेक पात्यांची. पुढे डिस्क ब्रेक हवेतच. हे सगळं बदलता येतं, पण बिल्ले चिकटवण्याइतकं सोपं आणि स्वस्त नाही, त्यामुळे आळशी नकलाकार खालच्या बाजूलाच सापडतो.

७. कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर आणि किरकोळ मंडळी

१९६९च्या झेड/२८वर हॉली कार्ब्युरेटर, लिस्ट (हॉलीचा मॉडेल नंबर) ४०५३, शेवरलेचा नंबर ३९२३२८९-डीझेड. दोन्ही चोकच्या उभ्या भिंतीवर ठोकलेले. खाली तीन आकडी तारीख: ९३४ म्हणजे १९६९, मार्च, चौथा आठवडा. लिस्ट नंबरपुढे जास्तीचा आकडा जोडलेला असेल किंवा तारीख चार आकडी असेल तर तो नंतरचा.

इतर कॅमारोंवर रॉचेस्टरचा क्वाड्राजेट दिसेल. त्याचा नंबर चालकाच्या बाजूला मागे उभा ठोकलेला असतो, उदाहरणार्थ ७०२९२०३. चौथा आकडा ९ म्हणजे १९६९. शेवटचा आकडा विषम असेल तर हाताच्या गिअरचा, सम असेल तर ऑटोमॅटिकचा. हाताच्या गिअरच्या गाडीवर ७०२९२०२ असेल, तर कार्ब्युरेटर तरी बदलला आहे किंवा गिअरबॉक्स तरी.

डिस्ट्रिब्युटरच्या मानेवर पट्टी असते: झेड/२८ला ११११४८० आणि शेजारी तारीख, ९ सी २० अशी. इथे वर्ष आधी येतं. स्पार्क प्लगच्या वायरींवर तिमाही आणि वर्ष छापलेलं असायचं, होज क्लॅम्पवरही विटेक कंपनीचं नाव दिसतं. पण हे घासून संपणारे भाग आहेत. पन्नास वर्षं चाललेल्या गाडीवर मूळ वायरी नसणं स्वाभाविक आहे, आणि सगळ्या तारखा बरोब्बर असलेल्या नव्याकोऱ्या वायरी म्हणजे कॅटलॉग आणि क्रेडिट कार्ड.

८. पत्रा, काच, चाकं

कारखान्यातला स्पॉट वेल्ड म्हणजे गोल, किंचित खोलगट ठिपका, ठरावीक अंतरावर. नंतर बसवलेल्या पत्र्याला भोक पाडून भरलेले वेल्ड असतात, फुगीर किंवा घासून सपाट केलेले. डिकीतली कड, दाराच्या चौकटीचा खालचा भाग आणि मागच्या चाकांच्या कमानींची आतली बाजू बघा. मागचे क्वार्टर पॅनेल बदललेले असणं गंजाच्या प्रदेशातल्या गाडीत नेहमीचं आहे, ते लपवलेलं असणं नेहमीचं नसावं. चुंबक पकडत नसेल तिथे पुट्टी आहे.

काचांवर एलओएफ (लिबी-ओवेन्स-फोर्ड) या काच कंपनीचं चिन्ह आणि दोन अक्षरी तारीख असते, महिना आणि वर्ष. सगळ्या काचा जुळत असतील आणि फक्त पुढची वेगळी असेल तर ठीक, पुढची फुटतेच. दोन्ही डाव्या बाजूच्या वेगळ्या असतील तर डावीकडून ठोकर बसली असावी. मग तिथला पत्रा पुन्हा नीट तपासा.

झेड/२८च्या पंधरा बाय सात रॅली चाकांवर वायएच हा कोड असतो. स्टेपनी विसरू नका, बाहेरची चारही चाकं बदलतात पण डिकीतलं राहून जातं.

९. तारखांची उतरंड मांडा

आता वही उघडा. आकडे सुटे सुटे बरोबर असणं पुरत नाही, ते एका क्रमात बसले पाहिजेत: भाग आधी ओतला जातो, मग इंजिन जुळतं, मग गाडी. आपला नमुना असा बसतो:

- डिस्ट्रिब्युटर २० मार्च
- ब्लॉक ओतला २६ मार्च
- कार्ब्युरेटर मार्चचा चौथा आठवडा
- मन्सी २ एप्रिल
- इंजिन जुळलं ८ एप्रिल
- फायरवॉलची पाटी ०४सी, एप्रिलचा तिसरा आठवडा

इंजिन गाडीच्या आधी एक ते तीन आठवडे, ब्लॉक त्याच्या आधी काही दिवस ते काही आठवडे, हे साधारण अंतर. छोटे भाग दोन-तीन महिने आधीचेही चालतात, ते खोक्यांत पडून असायचे. एखादा भाग गाडीनंतरचा असेल तर तो मूळ नाही, यात चर्चेला जागा नाही. ब्लॉक २६ मार्चला ओतलेला आणि इंजिनाचा ठसा ०३१४ असेल, म्हणजे ओतायच्या आधीच इंजिन जुळलं, तर तो ठसा खोटा आहे. नकलाकार ठसा चांगला मारतात, पण मागच्या कडेवरची ओतीव तारीख बघायला विसरतात.

१०. फोर्ड, क्रायसलर, पॉन्टिअॅक

इथे काम थोडं सोपं आहे. १९६९च्या मस्टँगचा नंबर ९एफ०२आरने सुरू होत असेल तर ९ वर्ष, एफ डिअरबॉर्न, ०२ फास्टबॅक आणि आर म्हणजे रॅम एअरवालं ४२८ कोब्रा जेट. जी म्हणजे बॉस ३०२, झेड बॉस ४२९. इंजिन नंबरातच आहे. फोर्डच्या भागांवर सी९झेडई असं काही असतं: सी साठचं दशक, ९ वर्ष, झेड मस्टँग, ई इंजिन विभाग. चौथं अक्षर झेड असेल, म्हणजे सी९झेडझेड, तर तो सुट्ट्या भागांच्या दुकानाचा नंबर. १९६७पासूनच्या फोर्डसाठी मार्टी ऑटो वर्क्स कंपनीच्या मूळ नोंदींवरून अहवाल देतं. मस्टँग घेताना तो न मागवणं म्हणजे निव्वळ आळस.

क्रायसलरच्या गाड्यांत इंजिनचं अक्षर पाचव्या जागी असतं: १९७०च्या बीएस२३आर०बीमध्ये आर म्हणजे ४२६ हेमी, बी हॅमट्रॅमक. सोबत फेंडरवरची पाटी आणि सीटच्या स्प्रिंगांतली ब्रॉडकास्ट शीट (क्रायसलरची बिल्ड शीट). पॉन्टिअॅकसाठी पॉन्टिअॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडे मूळ बिलांच्या नोंदी आहेत. जीटीओ आणि फायरबर्डच्या बाबतीत त्या कागदाचा मोठा आधार असतो. अमेरिकेत विकल्या गेलेल्या शेवरलेंच्या नशिबी अशी नोंदवही नाही, म्हणून वरची सगळी खटपट.

११. व्यवहाराच्या वेळी

करारात ‘नंबर्स मॅचिंग’ लिहू देऊ नका. त्याऐवजी वाचलेले आकडे जसेच्या तसे लिहा: इंजिनचा ठसा, गिअरबॉक्सचा ठसा, अॅक्सलचा कोड, फायरवॉलची पाटी, आणि सोबत पेन्सिल प्रिंटच्या प्रती. विक्रेत्याची सही त्याखाली घ्या. तो कचरला तर कुठल्या आकड्यापाशी कचरतोय ते लक्षात ठेवा.

गाडी घरी आली की लगेच सँडब्लास्टिंगला पाठवू नका. भाग काढण्याआधी फोटो, काढताना प्लॅस्टिकच्या पिशवीत बोल्टांसकट, वर चिठ्ठी. डोक्यावर टीआर वगैरे खुणा असलेले जुने बोल्ट फेकू नका. अल्टरनेटर बंद पडला तर बदलू नका, तारखेचं कवच ठेवून आतली गुंडाळी आणि बेअरिंगं नवी करून घ्या. कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर, स्टार्टर यांनाही तेच लागू. दुरुस्तीला देताना गॅरेजवाल्याला लिहून द्या, की माझाच भाग परत हवा, बदली नको. आणि परत आल्यावर पैसे देण्याआधी नंबर वहीशी ताडून पाहा.